लॉनखालची माती आणि नळाचे पाणी : गोव्यातल्या घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

माझे काम बागा लावून देण्याचे, आणि त्याहून जास्त, दुसऱ्यांनी लावलेल्या बागा दुरुस्त करण्याचे. फोंडा, पर्वरी, म्हापसा, डिचोली, कुठेही गेले तरी नव्या बंगल्याच्या लॉनबद्दल तक्रार एकच असते: रोज पाणी घालतो, तरी गवत पिवळे. कुदळीचे दोन घाव घातले की कारण दिसते. वर दोन बोटे लाल माती, खाली रोलर फिरवलेला मुरूम. त्यावरूनच माझे म्हणणे आहे की नवीन घराच्या हिरवळीखाली पुरेशी, म्हणजे १५ सेंटीमीटर, माती असल्याची खात्री झाल्याशिवाय घराला ऑक्युपन्सीचा (राहायला जाण्याच्या परवानगीचा) दाखला मिळू नये. हे कुठे बोलले की जे प्रश्न येतात, ते आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत.

माती कमी असली तर गवत मरेल. त्यात नळाच्या पाण्याचा संबंध कुठे आला?

गवत मरत नाही, ही तर अडचण आहे. मेले असते तर पाणी बंद झाले असते. ते अर्धमेले राहते आणि माळी रोज पाइप धरून उभा राहतो.

हिशेब करून पाहू. ६० चौरस मीटरचे लॉन धरा. बंगल्यापुढे एवढे सर्रास असते. मार्च ते मे या काळात गोव्यातल्या उन्हात गवताला दिवसाला साधारण ४ मिलिमीटर पाणी लागते. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे बरोबर १ लिटर. तेव्हा गरज २४० लिटरची. पाइपातून मिनिटाला १५ लिटर पाणी येत असेल (बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा, कळेल) आणि माळी अर्धा तास पाणी मारत असेल, तर तो ४५० लिटर ओततो.

उरलेले २१० लिटर कुठे जातात? चांगली गाळमाती आपल्या जाडीच्या साधारण १५ टक्के एवढे पाणी गवताला वापरता येईल अशा रीतीने धरून ठेवते. म्हणजे ५ सेंटीमीटरच्या थरात जेमतेम ७ मिलिमीटर. त्यातले अर्धेअधिक काल संपले, तेवढीच जागा आज रिकामी. बाकीचे पाणी मुरमातल्या भेगांतून खाली उतरते, नाहीतर गेटखालून रस्त्यावर येते. २१० लिटर म्हणजे शहरी पाणीपुरवठ्याच्या १३५ लिटरच्या मानकाप्रमाणे दीड माणसाचे दिवसाचे पाणी, ओपाच्या किंवा अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध करून, पंपाने चढवून आणलेले.

महिन्याचे बघा. रोजचे ४५० लिटर म्हणजे महिन्याला साडेतेरा घनमीटर. २०२१ साली सरकारने घरगुती ग्राहकांना महिन्याला १६ घनमीटरपर्यंत पाणी मोफत देण्याची योजना आणली होती. एका कुटुंबाला पुरेल म्हणून ठरवलेला तो आकडा, आणि त्याच्या जवळपास पाणी एकटे लॉन पिऊन टाकते.

मग १५ सेंटीमीटर माती घातली की हे पाणी वाचले, असे समजायचे का?

नाही. या विषयावर बोलणारे बहुतेक जण इथेच घाई करतात.

माती पाणी निर्माण करत नाही आणि गवताची तहानही कमी करत नाही. ४ मिलिमीटर लागतात ते लागतातच. १५ सेंटीमीटर मातीत २२ मिलिमीटरच्या आसपास पाणी मावते, म्हणून रोज पाणी द्यायची गरज उरत नाही, तिसऱ्या दिवशी दिले तरी चालते. तिसऱ्या दिवशी १२ मिलिमीटर, म्हणजे ७२० लिटर द्या. थर ते सगळे पिऊन घेतो. रोज ४५० च्या हिशेबाने तीन दिवसांत १३५० लिटर गेले असते. मातीला लॉनखालची टाकी समजा. टाकी मोठी केली आणि पंप मात्र पूर्वीसारखाच रोज अर्धा तास चालू ठेवला, तर टाकी भरून वाहील. १५ सेंटीमीटर मातीवर जुन्याच सवयीने रोज पाणी मारले तर पहिले दोन-तीन दिवस वाचतील, पुढे तेच २१० लिटर रोज वाया.

म्हणून नुसत्या मातीच्या नियमाला माझा पाठिंबा नाही. मातीबरोबर पाण्याचे वेळापत्रक हवे, आणि स्प्रिंकलर असतील तर त्यांचा टायमर ऑक्युपन्सीच्या तपासणीतच लावून दाखवायला हवा. बंगला वर्षातले बहुतेक महिने बंद, मालक दिल्लीत, आणि पहाटे पाचला कारंजी सुरू, हे दृश्य आसगाव-शिवोलीच्या बाजूला ज्याने पाहिले असेल त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

असा नियम जगात कुठे आहे का?

आहे, आणि मुख्यतः अमेरिकेच्या कोरड्या भागांत. डेन्व्हर शहराची पाणीपुरवठा संस्था नवीन लॉन लावण्याआधी दर १००० चौरस फुटांना ४ घनयार्ड कंपोस्ट ६ इंच खोलपर्यंत मातीत मिसळायला लावते. आपल्या मापात १०० चौरस मीटरला साधारण ३.३ घनमीटर. कॅलिफोर्नियाने दुष्काळात, २०१५ साली, बागांच्या पाण्याचा आपला नमुना कायदा सुधारला, त्यातही हेच प्रमाण आहे. मात्र वरच्या ६ इंचांत ६ टक्क्यांहून जास्त सेंद्रिय पदार्थ असेल तर सूट. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत नव्या हिरवळीखाली किमान ४ इंच माती लागते, आणि गवतही उन्हाळ्यात पाण्याविना सुप्त राहून पुन्हा उठणारे हवे.

यातले पहिले दोन नियम मातीची जाडी मोजत नाहीत, ते आहे ती माती सुधारायला लावतात. नुसती जाडी मागितली तर लोक ट्रकने माती आणून टाकतील, खालची जमीन दगडासारखीच राहील, हे त्यांना चांगले ठाऊक असणार.

आपल्याकडेही वरच्या मातीची कदर कागदावर आहे. २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते, आणि वरची २० सेंटीमीटर माती वेगळी काढून साठवावी व झाडे लावताना पुन्हा वापरावी, ही अट त्या मंजुरीत सर्रास असते. खाणींनाही खनिज संवर्धन व विकास नियम, २०१७ प्रमाणे वरची माती वेगळी काढावी लागते. चारशे-पाचशे मीटरच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्याला मात्र हे कोणी विचारत नाही, आणि गोव्यात घरे बहुतेक तशाच प्लॉटवर होतात.

गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस. कोरड्या देशांचे नियम इथे कशाला?

पाऊस ३०००, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. ऑक्टोबर संपला की मेअखेरपर्यंत आभाळ कोरडे. डेन्व्हरला वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटरही नाही, पण तो वर्षभर थोडा थोडा पडतो. गवताच्या दृष्टीने गोवा म्हणजे चार महिने तळे आणि सात महिने वाळवंट. त्या सात महिन्यांचे पाणी साळावली, अंजुणे, तिळारी या धरणांतून किंवा खांडेपार नदीतून येते. पेडण्याचे आणि बार्देशचे नळ तर तिळारीच्या कालव्यावर अवलंबून आहेत. कालवा फुटला किंवा दुरुस्तीला बंद ठेवला की टँकरवाल्याचे फोन लागत नाहीत.

भर पावसातही नळ कोरडे पडू शकतात. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारजवळ मोठी जलवाहिनी फुटली आणि बाहेर पाऊस कोसळत असताना तिसवाडी-फोंड्यातले लोक कित्येक दिवस पाण्यासाठी वणवण फिरले.

बरे, पण एवढी माती आणायची कुठून?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. याचे उत्तर चुकले तर नियम फायद्यापेक्षा नुकसानच जास्त करील.

१०० चौरस मीटर लॉनला १५ सेंटीमीटर थर म्हणजे १५ घनमीटर, ब्रासच्या भाषेत सव्वापाच ब्रास. माती बसते, म्हणून प्रत्यक्षात १७-१८ घनमीटर लागते. आता कल्पना करा, उद्या सरकारने फर्मान काढले की प्रत्येक नव्या घराच्या लॉनखाली १५ सेंटीमीटर माती पाहिजे. परवा सकाळी टिप्पर कुठे उभे असतील? कोणाच्या तरी मोरडीवर, खेराच्या शेतात, पडीक भाताच्या कुणग्यात, नाहीतर डोंगराच्या कुशीत. एका बंगल्याच्या लॉनसाठी एक शेत खरवडले जाईल. डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली परवानगी लागते. पण रात्री अकरानंतर निघणारा ट्रक कलम वाचून निघत नाही.

म्हणून नियमाचे पहिले वाक्य असे हवे: प्लॉटवरची वरची माती प्लॉटबाहेर जाणार नाही. बाकी सगळे त्यानंतर.

पुरेल का? हिशेब सोपा आहे. ४०० मीटरच्या प्लॉटवर घर, पोर्च, वाट, गाडी लावायची जागा मिळून २०० मीटर झाकले जाते असे धरा. तेवढ्याच भागावरची १५ सेंटीमीटर माती काढून ठेवली तर ३० घनमीटर होते. शंभर मीटरचे लॉन करून वर फुलझाडांच्या वाफ्यांनाही उरते. आज ही माती जेसीबीच्या पहिल्याच दिवशी पायाच्या मातीत, जांभ्याच्या तुकड्यांत आणि सिमेंटच्या पिशव्यांत मिसळते, जोत्यात भरली जाते किंवा उताराखाली ढकलली जाते. आठ महिन्यांनी तोच मालक लाल मातीच्या ट्रकला पैसे मोजतो. हा व्यवहार मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेले नाही.

माती काढून ठेवायची कशी? आमचे बांधकाम वर्षभर चालणार.

पाया खणण्याआधी, जमीन कोरडी असताना. चिकट ओल्या मातीवर जेसीबी घातला तर ती दाबून विटेसारखी होते. वरची गडद, मुळांनी भरलेली माती जिथे संपते आणि खडबडीत तांबूस मुरूम लागतो, तिथे थांबायचे. कुठे हा थर २० सेंटीमीटर असतो, कुठे ८. चालकाला आधी एका कोपऱ्यात खणून दाखवा, नाहीतर तो त्याच्या बकेटच्या मापाने काढील.

ढीग दीड मीटरहून उंच नको. आतली माती गुदमरते. जागा उताराच्या वाटेवर नसावी. पाऊस लागण्याआधी ढिगावर ताग, धैंचा किंवा सरळ अळसांदे (चवळी) पेरून टाका. मुळे माती धरतील, आणि अळसांदे झाले तर ते तुमचे. पेरणे जमले नाही तर नारळाच्या झावळ्या आणि गवत पसरून वर दोऱ्या बांधा. निळी ताडपत्री जून-जुलैच्या वाऱ्यात टिकत नाही. आणि कंत्राटदाराला पहिल्या दिवशी बजावून सांगा की या ढिगावर प्लास्टरचा उरलेला माल पडला तर बिलातून कापला जाईल. शेवटची सूचना सगळ्यांत उपयोगी आहे.

आमचा प्लॉट सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, आहे. तिथे मातीच नाही, नुसता कातळ. मग?

मग लॉन नको.

सड्यावर पाऊस लागला की कातळाच्या खळग्यांतून स्वतःचे गवत आणि फुले येतात, ऑक्टोबरात सुकतात. ते तसेच राहू द्यावे. ज्या जमिनीला निसर्गाने तीन सेंटीमीटर माती दिली, तिथे दुसऱ्याच्या शेतातली १५ सेंटीमीटर आणून हिरवळ करण्याला नियमानेच मनाई असावी. माती नसली तर सूट द्यावी असे काही जण सुचवतात. मी नेमके उलट म्हणतो.

मुरमावर सरळ माती पसरली तर काय बिघडते? थर तर १५ सेंटीमीटरचाच होतो.

जूनमध्ये कळेल. दाबलेल्या मुरमावर मऊ माती पसरली की दोघांच्या मध्ये पाणी अडते. उन्हाळ्यात मुळे त्या सीमेपाशी येऊन आडवी पसरतात, खाली शिरत नाहीत. पावसाळ्यात थर तुडुंब भरतो, मुळांना हवा मिळत नाही, आणि उतार असेल तर अख्खी माती एका मोठ्या सरीत सरकून गेटपाशी येते.

आधी खालचा थर फोडायचा. जागा मोठी असेल तर जेसीबीच्या दातांनी, लहान असेल तर पिकावाने, १०-१५ सेंटीमीटर खोल. ढेकळे तशीच राहू द्या, सपाट करायची हौस आवरा. मग मातीचा तिसरा हिस्सा त्यात मिसळा आणि उरलेली वर पसरा. रोलर शेवटी, हाताने ओढायचा हलका, एकदाच. बांधकाम चालू असताना जिथे लॉन होणार आहे तिथे दोरी बांधून ट्रकला बंदी केली तर हे फोडण्याचे काम निम्मे होते, पण चिऱ्याचा ट्रक आला की ती दोरी पहिली सुटते.

ट्रकची लाल माती घ्यायचीच झाली तर पारख काय?

रंगावर जाऊ नका. लाल तर चिरेखाणीचा भुगाही असतो, आणि डिचोली-सांगे भागात खाणीच्या डंपवरची मातीही. मूठभर ओली करून दाबा: गोळा व्हावा, पण बोटाने ढकलल्यावर फुटावा. फुटलाच नाही तर चिकण फार, झालाच नाही तर रेती किंवा भुगा. काचेच्या बाटलीत एक भाग माती, दोन भाग पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटाभरात तळाला बसते, गाळ एक-दोन तासांत, चिकण दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. तळाला नुसते खडे आणि वर लाल पाणी दिसले तर ट्रक परत पाठवा.

लव्हाळ्याच्या गाठी शोधा. काळ्या, शेंगदाण्याएवढ्या. शेतातल्या मातीबरोबर त्या येतात आणि एकदा लॉनमध्ये घुसल्या की तुमचा जन्म त्या उपटण्यात जातो. खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली) माती कितीही सुपीक दिसली तरी नको. ती खारी असते, आणि खाजन उकरून घराची शोभा करण्याचा हक्क कोणाला नाही.

आपली जांभ्याची माती बहुधा आम्ल असते. चुना किती घालायचा ते मातीपरीक्षण करूनच ठरवा. तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात नमुना देता येतो. अंदाजाने चुना टाकणाऱ्या माळ्याला थांबवा.

शेणखत किती?

१०० मीटरला तीन घनमीटरच्या आसपास, पूर्ण कुजलेले, वरच्या १५ सेंटीमीटरमध्ये मिसळून. कच्चे शेण नको. गोव्याच्या उष्ण, ओल्या हवेत सेंद्रिय पदार्थ भराभर जिरतो, म्हणून दर वर्षी चवथीनंतर बोटभर चाळलेले खत वरून द्यावे लागते. डेन्व्हरला एकदा घातलेले बरीच वर्षे पुरत असेल, इथे नाही.

लॉन लावायचे कधी?

खरे म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. मोठ्या सरी ओसरलेल्या असतात, रिमझिम चालू असते आणि मुळे फुकटच्या पाण्यावर खाली उतरतात. ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत ती १०-१२ सेंटीमीटर गेलेली असतात.

होते काय, तर बांधकाम दिवाळीपर्यंत रेंगाळते, मालकाला नाताळात पाहुणे बोलवायचे असतात, आणि नोव्हेंबरच्या शेवटी कार्पेटचे, म्हणजे तयार वाढवलेल्या गवताचे, तुकडे अंथरले जातात. नवीन कार्पेटला पहिले काही आठवडे रोज, कधी दिवसातून दोनदा पाणी लागते. म्हणजे कोरड्या हंगामाच्या तोंडावर सगळ्यांत तहानलेले काम. नियमात एक ओळ अशी घालता येईल की नळाच्या पाण्यावर नवीन लॉन नोव्हेंबर ते मे या काळात लावू नये. बिल्डर ओरडतील. ओरडू देत, तोपर्यंत जागेवर पालापाचोळा पसरून ठेवावा.

गवत कुठले घ्यावे?

उघड्या उन्हात आपली हरळी, तिच्याच निवडक जाती. मुळे खोल जातात, पाणी तोडले तर पिवळी पडते पण मरत नाही, पहिल्या पावसात परत उठते. बाजारात ‘मेक्सिकन’ म्हणून मिळणारे कार्पेट दिसायला मखमली, पण नर्सरीवाला काय नावाने काय देईल याचा भरवसा नाही. किनाऱ्यालगत पाणी खारट असेल तर पास्पालम चालते. माडांच्या दाट सावलीत कुठलेच लॉन नीट होत नाही, तिथे उगाच पैसे घालू नका.

एप्रिल-मे मध्ये लॉन थोडे तपकिरी दिसले तर काही बिघडत नाही. ही गोष्ट गिऱ्हाइकाला पटवणे मात्र माती घालण्यापेक्षा कठीण आहे.

आम्ही बोअरचे पाणी वापरतो. नळाचा थेंबही लॉनला जात नाही. आम्हाला नियम का?

तुमच्या बोअरचे पाणी आणि खालच्या वाड्यातल्या विहिरीचे पाणी वेगळे आहे का? विहीर मार्चमध्ये आटली की तो वाडा नळावर येतो, टँकर मागवतो. भूजलाचा आपल्याकडे २००२ चा स्वतंत्र कायदा आहे, बोअर मारायला परवानगी आणि नोंदणी लागते. किनारपट्टीत जास्त उपसा झाला तर खारे पाणी आत येते, ते पुढे गोडे करणे कोणाच्या हातात नसते. नियम पाण्याच्या उगमाकडे न बघता लॉनकडे बघणारा हवा.

मोठ्या हॉटेलांची गोष्ट थोडी वेगळी. सांडपाणी शुद्ध करून ते हिरवळीला घालणाऱ्यांना पाण्याच्या वेळापत्रकात सवलत द्यायला हरकत नाही. मातीच्या जाडीत देऊ नये. पातळ थरावर तेही पाणी तितकेच वाया जाते.

वॉशिंग मशीनचे पाणी लॉनला चालेल?

शेवटच्या खळबळणीचे चालेल, एकाच जागी रोज नको. स्वयंपाकघरातल्या सिंकचे तेलकट पाणी केळीला द्या.

तपासणार कोण? पंचायतीकडे शौचालयाची टाकी बघायला माणूस नाही, तिथे माती कोण मोजणार?

रास्त शंका. म्हणून तपासणी अशी हवी की जी पंचायतीचा शिपाईही पाच मिनिटांत करील.

आठ मिलिमीटरची सळी घ्यायची, १५ सेंटीमीटरवर खूण करायची, जमीन ओली असताना लॉनवर पाच ठिकाणी हाताच्या जोराने खुपसायची. पाचांतल्या चार ठिकाणी खुणेपर्यंत गेली पाहिजे. मग एका जागी फावड्याने चौकोन कापून उचलायचा आणि मोजपट्टी धरून फोटो काढायचा. दोन कागद आणखी: पाया खणण्याआधी काढलेल्या मातीच्या ढिगाचा तारीख असलेला फोटो, आणि बाहेरून माती आणली असेल तर ती कुठून आली याचे चलन. चलन नसेल तर दाखला नाही. या शेवटच्या अटीशिवाय नियम आणू नये असे मी स्पष्टच सांगतो, कारण मग तो पाणी वाचवण्याच्या नावाखाली शेते विकण्याचा परवाना ठरेल.

फसवणूक होईल का? होईल. सळी जिथे जाईल तिथेच मऊ माती भरणारे निघतील. पण बांधकामाच्या इतर अटींपेक्षा ही अट पाळणे स्वस्त आहे, कारण माती प्लॉटवरच असते. ती न हलवणे हे हलवण्यापेक्षा कमी खर्चाचे.

आमचे लॉन आधीच पातळ मातीवर आहे. उखडायचे का?

लगेच नको. जुन्या घरांना नियम लावावा असे मला वाटत नाही. पाऊस थांबल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, काट्याने किंवा पोकळ टोकाच्या हत्याराने सगळीकडे भोके पाडा, बोटभर चाळलेले खत आणि माती झाडूने त्यांत भरा. दर वर्षी एकदा. तीन-चार वर्षांत थर बराच सुधारतो. गवत फार उंच वाढू देऊ नका, पण उन्हाळ्यात अगदी खरवडून कापूही नका. थोडे लांब ठेवले तर जमिनीवर सावली राहते.

त्याआधी एक काम आजच करता येते. चार रिकामे डबे लॉनवर ठेवा, रोजच्यासारखे पाणी मारा आणि डब्यांत किती मिलिमीटर साचले ते पट्टीने बघा. बहुतेक घरांत एका डब्यात ३ आणि दुसऱ्यात १२ निघतात. पाणी मारण्यातला हा असमतोल आधी सुधारा, मातीचे नंतर बघू.

सोसायटीच्या पोडियमवर, पार्किंगच्या छतावर लॉन आहे. तिथेही १५ सेंटीमीटर?

हो, पण आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. भिजलेली माती घनमीटरला पावणेदोन ते दोन टन भरते, म्हणजे १५ सेंटीमीटरचा थर दर चौरस मीटरला ३०० किलोच्या जवळ जातो. स्लॅब तेवढ्यासाठी बांधलेला नसेल तर नारळाच्या काथ्याचा भुसा आणि खत मिसळून हलके मिश्रण करावे लागते. खाली पाणी निघून जायला वाट हवी, नाहीतर जुलैत खालच्या गाड्यांवर गळती.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा लॉनलाच बंदी का घालत नाही?

मला चालेल, पण होणार नाही. लोकांना पोरे खेळायला, संध्याकाळी खुर्ची टाकून बसायला हिरवी जागा हवी असते, आणि ती मागणी चुकीची नाही. फक्त ती चाळीस मीटरची असली तरी भागते. उरलेल्या जागेत आपल्या जुन्या घरांपुढे असायचे तसे उघडे अंगण, मधे तुळस, कडेला जास्वंद, अबोली आणि एखादे कोकमाचे झाड. झाडांच्या बुंध्याशी पाचोळ्याचा चार बोटे थर. त्याला मे महिन्यात आठवड्यातून एकदा पाणी पुरते.

नियम होईपर्यंत घर बांधणाऱ्याने काय करावे?

कंत्राटात एक कलम घालून घ्यावे: ‘वरची माती वेगळी काढून प्लॉटवर साठवली जाईल, बाहेर नेली जाणार नाही, हिरवळीच्या जागेवरचा मुरूम १५ सेंटीमीटर फोडून मगच ती परत पसरली जाईल.’ याचे पैसे पायाच्या बिलापासून वेगळे दाखवायला सांगावे, आणि जेसीबी येईल त्या दिवशी घरच्या कोणीतरी प्लॉटवर हजर राहावे.